एकावन्न पत्ते

१

सेवेरिना आत शिरली तेव्हा तिला आधी हातोडा दिसला, मग भाचा, आणि सगळ्यात शेवटी ते दोन एक्के.

हातोडा बर्फाच्या लाद्या फोडायचा. लाकडी, लहान मुलाच्या डोक्याएवढा. तो खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवला होता आणि कोणीतरी हौसेने त्याच्याखाली धुतलेला रुमालसुद्धा अंथरला होता! भाचा, म्हणजे जोवेन, भिंतीला पाठ लावून उभा होता आणि दोन दांडग्या कोळ्यांनी त्याचे दंड धरले होते. आणि एक्के टेबलावर, घरमालक म्हाताऱ्या लोलो दोरोच्या शवपेटीपासून हातभर अंतरावर, जुळ्या भावांसारखे शेजारी शेजारी उताणे पडलेले. दोन्ही इस्पिकचे. एका कॅटमध्ये इस्पिक एक्का एकच असतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"ये सेवे, ये," कापितान रुफो म्हणाला. हा वस्तीचा निवडून आलेला कारभारी; पोट पुढे, सोन्याचा दात त्याच्याही पुढे. "तुझ्यासाठीच थांबलोय. टेबलाला कोणाला बोट लावू दिलं नाही. म्हटलं, जिने मनिलाच्या कॅसिनोत उभं आयुष्य लबाड पकडण्यात घालवलं, तिच्याच तोंडून ऐकू या."

"काय ऐकायचंय?"

"तुझा भाचा चोर आहे, एवढंच."

खोलीत हसू पसरलं. दुपारच्या उकाड्यात सगळी आळी तिथे लोटली होती. मयताच्या राखणीला रात्रंदिवस पत्ते खेळत एरवी जांभया देणारे लोक आज खुर्च्या पुढे ओढून, टरबुजाच्या बिया फोडत बसले होते. मासळीबाजारातली बेबांग तर शेजारणीला म्हणत होती, "जरा सरक गं, मला हात नीट दिसला पाहिजे."

हात जोवेनचा. उजवा.

कारण लोलो दोरोच्या घरात एकच नियम होता. पोकर खेळा, हरा, रडा, बायकोचे दागिने लावा, कोणी काही म्हणणार नाही. पण पान चोरलं तर उजव्या हाताची बोटं हातोड्याखाली. लोलो दोरो गेला तरी नियम गेला नव्हता. तोतोय नावाचा माणूस कॉफीचे पेले वाटत फिरत होता, डाव्या हाताने. उजवा त्याने खेकड्यासारखा पोटाशी धरला होता. तो नियमाचं जुनं गिऱ्हाईक. रुमाल त्यानेच अंथरला होता.

आणि जोवेन येत्या आठवड्यात जहाजावर चढणार होता. बड्या परदेशी प्रवाशांच्या पोकरच्या टेबलावर पत्ते वाटायची नोकरी. पोरक्या पोराला सेवेरिनाने स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर घडवलं होतं. पिसणं, वाटणं, समोरच्याचा हात वाचणं, आणि लबाड पान कसं बदलतात तेसुद्धा, म्हणजे त्याला ते पकडता यावं. त्या नोकरीला दुसरं काही लागत नाही. फक्त दहा शाबूत बोटं लागतात.

"तिता," जोवेन मावशीकडे बघत पुटपुटला.

"गप्प बस," सेवेरिना म्हणाली. मग कापितानकडे वळून, "आणि समजा, मी म्हटलं की चोर तू आहेस?"

बिया फोडायचा आवाज थांबला.

कापितान पोट हलेपर्यंत हसला. "तर मी हात पुढे करीन! नियम म्हणजे नियम. बोल, काय बघायचंय तुला?"

"पत्ते मोजते," सेवेरिना म्हणाली.

२

आधी तिने डाव बघितला. मधली पाच पानं तशीच होती: इस्पिकचा राजा, नव्वी आणि चौकी, बदाम राणी, चौकट गुलाम. जोवेनच्या हातात इस्पिक एक्का आणि इस्पिक दश्शी. कापितानच्या हातात इस्पिक एक्का आणि इस्पिक छक्की. म्हणजे दोघांकडे पाच-पाच इस्पिका, एक्क्यापासून. त्याहून मोठा हात त्या टेबलावर कोणाचा होऊच शकत नव्हता. दोघांनी होतं नव्हतं ते सगळं लावलं होतं, आणि का लावणार नाहीत!

सेवेरिना मोजायला बसली. तिचे हात पंख्याच्या पात्यांसारखे फिरले आणि थांबले.

"एकावन्न."

"असणारच!" बेबांग ओरडली. "एक पान याच्या पायाशी सापडलंय ना! हे बघ, चौकट पंजी. केरात दडवली होती मेल्याने."

केर भरपूर होता. मयताच्या घरात पुरेपर्यंत झाडू लावत नाहीत. बियांची सालं, शेंगांची टरफलं, सिगारेटची थोटकं घोट्यापर्यंत साचतात. त्यात एखादं पान टाकलं तर कोण बघतंय?

"एकावन्न आणि ही एक. बावन्न!" कापितानने मांडीवर थाप मारली. "कॅट पुरा झाला. पोराने पंजी टाकली, बाहेरून आणलेला एक्का घातला. आता हातोडा आणा, मला जेवायला जायचंय."

"कॅट पुरा झाला?" सेवेरिनाने त्याच्याकडे असं बघितलं, जसं ती नव्या नोकरीच्या पोरांकडे बघायची, ज्यांना ती पहिल्याच दिवशी रडवायची. "कापितान, या बावन्नात इस्पिक एक्के दोन आहेत. एक घरचा, एक पाहुणा. मग सगळे मिळून त्रेपन्न व्हायला हवेत. तुला कॉलेजात कोणी पास केलं?"

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं.

सेवेरिनाने चारी रंग वेगळे लावले. इस्पिक, बदाम, चौकट. शेवटी किलवर. तिचं बोट छक्कीवरून अठ्ठीवर गेलं आणि मधल्या रिकाम्या जागेत टेकलं.

"किलवर सत्ती नाही," ती म्हणाली. "ती कुठे आहे?"

भिंतीजवळ जोवेन एकदम चकित होऊन वर बघायला लागला. सेवेरिनाने ते टिपलं. निरपराध माणूस एव्हाना आशेने बघतो. हा चकित झाला होता.

३

"मला काय विचारतेस? मी आपली हरायला आलेली," बेबांग म्हणाली. सेवेरिनाने तिला मागच्या पडवीत घेतलं होतं. "दोन दिवस येतेय, दोन दिवस बुडतेय. पुण्य म्हणून हरायचं, म्हाताऱ्याच्या मातीला पैसे होतात, दुसरं काय! मागच्याच डावात बघ ना. माझ्याकडे दोन राण्या होत्या, दोन! आणि पत्ते वाटणाऱ्या त्या तासियोने शेवटचं पान कुठलं काढावं? किलवर सत्ती! कापितानच्या तीन सत्त्या झाल्या. जीव घेतला गं माझा त्या सत्तीने."

"मागच्याच डावात? नक्की?"

"ज्या पानाने पैसे खाल्ले त्याचं तोंड बाई विसरते का?"

"बरं. आणि एक्के उलटले तेव्हा काय झालं? पहिला कोण ओरडला?"

बेबांगने डोळे बारीक केले. "पहिली मीच ओरडले. गंमत बघ, ते दोघं गप्पच. आधी एकमेकांच्या पानांकडे बघितलं, मग दोघांनी मान वळवून पेटीकडे बघितलं. मला वाटलं म्हातारा उठून बसला की काय! मग कापितानने टेबल ठोकलं आणि 'चोर चोर' सुरू केलं."

तासियो, लोलो दोरोचा जावई, पत्ते वाटायला बसत होता. घाम, लाल डोळे, आणि बोलताना दर वाक्याला सासऱ्याच्या पेटीकडे नजर.

"कॅट कोणी फोडला?"

"सासूबाईंनी. नवा होता. कोपऱ्यावरच्या दुकानातला, लाल पाठीचा. आळीत दुसरा मिळतोच कुठे!"

"तू मोजलास?"

"मयताच्या घरात पत्ते कोण मोजतं, तिता सेवे?"

"गाढवं मोजत नाहीत. आज सकाळपासून इस्पिक एक्का किती वेळा आला?"

तासियो आठवायला लागला. कपाळाला आठ्या घालून, ओठ हलवत, बराच वेळ. मग त्याचा चेहरा हळूहळू पडला. "आला... आला असेल की. नाही का? बदामचा तर सारखा येत होता..."

"जा. तोंड धू."

कापितान मात्र स्वतःहूनच पडवीत आला. सिगारेट पेटवली, धूर तिच्या तोंडावर सोडला.

"सेवे, तू जुनी जाणती बाई. कशाला ताणतेस? दोन बोटांवर भागवू. अंगठा राहू दे पोराचा. मासे साफ करील."

"तुझा एक्का खरा होता?"

"म्हणजे काय!"

"आणि त्याचा खोटा, हे तुला कसं कळलं?"

"कारण माझा..." कापितान थांबला. सोन्याचा दात चमकायचा थांबला. "कारण पान पोराच्या पायाशी सापडलं."

"ते नंतर सापडलं. तू चोर आधी म्हणालास."

"मग दुसरा कोण? मी?" त्याने सिगारेट केरात चिरडली. "ऊन उतरायच्या आत निकाल दे. लोक थांबलेत. नाहीतर निकाल मी देतो."

४

लोला पुरिंग पेटीच्या उशाशी बसली होती. नवऱ्याच्या तोंडावरच्या काचेवर अश्रू पडू नयेत म्हणून तिने हनुवटीखाली टॉवेल धरला होता. मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. दर डावातला घरचा वाटा त्यात पडायचा, आणि त्या डब्यातून उद्या लोलो दोरो मातीत जाणार होता.

"लोला, कॅट पुरा होता?"

"पुरा होता."

"फोडलात तेव्हा कोण होतं?"

"पेटी उचलून आणणारे. सहा जण. रुफो, तुझा पोरगा, बाकीचे चौघे आज समुद्रावर आहेत. तासियो पाद्रीला आणायला गेला होता."

"पेटीवर काच तेव्हाच बसवली?"

"हो."

"कॅट पुरा होता?"

"दोनदा काय विचारतेस!" म्हातारी एकदम कडाडली. "पुरा होता म्हटलं ना! अपुऱ्या पत्त्यांवर लोकांना बसवीन मी? सगळे हरलेले पैसे मागायला उठतील. मग याला काय चादरीत गुंडाळून पुरू?" आणि बोलता बोलता तिचा हात काचेवर गेला. लोलो दोरोच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर, नेमका तिथे, आणि आई तापातल्या पोराला थोपटते तसं तिने एकदा थोपटलं.

सेवेरिनाने तो खिसा बघून ठेवला.

मग तिने जोवेनला मागितलं. कोळ्यांनी त्याला पडवीच्या दारापर्यंत आणून सोडलं आणि दारातच उभे राहिले. जोवेनचा चेहरा मेणासारखा झाला होता, पण तोंड चालू होतं.

"तिता, मी सांगतो, कापितान लबाड आहे. त्याचाच खोटा. शंभर टक्के!"

"तुला कसं माहीत?"

"कारण माझा..." तोही थांबला. अगदी त्याच शब्दावर.

सेवेरिनाने त्याचा उजवा हात हातात घेतला. सुंदर हात होता. लांब बोटं, कोरडा तळवा. या हाताला पान चिकटलं तर देवालासुद्धा दिसणार नाही, असं तिनेच त्याला एकदा म्हटलं होतं.

"किलवर सत्ती कुठे आहे?"

"मला खरंच माहीत नाही! आईची शपथ!"

"आणि पंजी?"

पंजीसाठी मात्र त्याने शपथ घेतली नाही. खाली बघितलं. मग अगदी हळू, दारातल्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "तिता, तू काहीही कर. म्हण की सत्ती आणि पंजी दोन्ही कापितानने टाकल्या. लोक तुझं ऐकतात. फक्त... लोलोचा खिसा उघडायला लावू नकोस."

खिशाचं नाव त्या दुपारी कोणीच काढलं नव्हतं.

सेवेरिनाने त्याचा हात सोडला. बाहेर कापितान ओरडत होता, "ऊन उतरलं!"

५

"कापितान, खुर्ची सोड," सेवेरिना आत येत म्हणाली.

"का?"

"तुझ्या वजनाखाली सत्य दबलंय."

या वेळी लोक उघड हसले. कापितानला उठावं लागलं. तिने त्याची खुर्ची बाजूला ओढली आणि पायाने केर चाळायला लागली. काही नाही. सालं, थोटकं, एक चप्पल.

"बघितलंस?" कापितान म्हणाला.

"पोराच्या पायाशी पंजी मिळाली आणि तुम्ही शोधायचं थांबवलंत," ती लोकांना म्हणाली. "हवं ते सापडलं की माणूस पुढे वाकत नाही." मग ती स्वतः वाकली. शवपेटीच्या पायांभोवती जमिनीपर्यंत सोडलेली पांढरी झालर कापितानच्या खुर्चीला जवळजवळ टेकत होती. मयताच्या खाली हात घालायला सगळे घाबरतात. तिने कोपरापर्यंत घातला आणि बाहेर काढला.

किलवर सत्ती. तिच्या पाठीवर अर्ध्या बुटाचा धुळकट ठसा.

खोलीत बूट एकाच्याच पायात होते. बाकी सगळ्या सपाता.

"ही बेबांगने मागच्या डावात बघितली. म्हणजे तेव्हा ती कॅटमध्ये होती. या डावात ती कोणाच्या तरी हातात आली आणि नाहीशी झाली. पंजीचंही तेच. आता नीट ऐका, मी दुसऱ्यांदा सांगत नसते. पोकरमध्ये हातात पानं दोनच. जो एक आत घेतो त्याला एक बाहेर टाकावं लागतं. टाकलेली पानं किती सापडली?"

"दोन," बेबांग म्हणाली. आणि मग, "अगं बाई!"

"एकानेच दोन टाकली असती तर त्याच्या हातात एकच पान उरलं असतं. म्हणजे टाकणारे दोन. म्हणजे बाहेरून आणलेली पानंही दोन."

"पण जास्तीचा एक्का तर एकच आहे!" तासियो म्हणाला. "दुसरा कॅटमधलाच असणार ना?"

"कॅटमधला असता तर तो सरळ वाटून आला असता, त्यासाठी पान टाकावं का लागलं असतं? दोन्ही एक्के पाहुणे आहेत. दोघांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून एकेक लाल कॅट आणला, आणि तीन इस्पिका टेबलावर यायची वाट बघत बसले. आणि बावन्न पानांतून दोघांनी नेमका इस्पिक एक्काच का निवडला? चोर नेहमी कशाला भितो? आपण आणलेलं पान समोरच्याच्या हातात निघेल, याला. पण या दोघांना ती भीती नव्हती. दोघांना पक्कं माहीत होतं की या कॅटमध्ये इस्पिक एक्का नाहीच. म्हणून एक्के उलटल्यावर दोघेही ओरडले नाहीत. दोघांनी खऱ्या एक्क्याकडे बघितलं."

आणि सेवेरिनाने बोट केलं. सगळ्यांच्या माना पेटीकडे वळल्या.

"तिता, नको," भिंतीजवळून आवाज आला.

"लोला पुरिंग. काच सरकवा."

"नाही," म्हातारी म्हणाली.

"मग मी सरकवते."

तिने सरकवली. कोणीतरी छातीवर क्रूस काढला. औषधाचा आणि पावडरचा वास आला. लोलो दोरोच्या शर्टाच्या खिशातून तिने दोन बोटांनी पान उपसलं आणि टेबलावर, त्या जुळ्यांच्या शेजारी, उताणं ठेवलं.

तिसरा इस्पिक एक्का.

"म्हणायचा, मला रिकाम्या हाताने पाठवू नकोस," लोला पुरिंग रडायला लागली. टॉवेल खाली पडला होता. "एक पान दिलं मी त्याला. एकच. नव्या कॅटमधलं. त्या सहा जणांसमोर."

६

तोतोय डाव्या हाताने हातोडा उचलून टेबलापाशी आला. त्याचे डोळे चमकत होते.

"पहिला कोण?" त्याने विचारलं.

"वयाने मोठा पहिला," सेवेरिना म्हणाली. "हात पुढे करीन म्हणाला होतास ना, कापितान? कर."

कापितान रुफोने आपल्या हाताकडे बघितलं. अंगठ्या होत्या त्यात. मग त्याने लोकांकडे बघितलं, एकेकाकडे, सावकाश. ज्याला बाजारात गाळा हवा होता त्याच्याकडे. ज्याची पोरगी त्याच्या कचेरीत होती त्याच्याकडे. जोवेनला धरणाऱ्या दोघांकडे, ज्यांच्या होड्यांचे परवाने त्याच्या टेबलात होते. आणि काय मजा, खोलीतल्या सगळ्यांना अचानक छत फार आवडायला लागलं!

"मयताचं घर आहे हे," कापितान हळूच म्हणाला. "रक्त सांडणं शोभत नाही."

"नाही शोभत," बेबांग लगेच म्हणाली. तीच, जिला हात नीट दिसायला हवा होता.

"लोलो दोरो असता तर त्यालाही वाईट वाटलं असतं."

"फार हळवा होता," कोणीतरी म्हणालं. लोलो दोरोने तोतोयची बोटं फोडली तेव्हा मधे कॉफी प्यायला थांबला होता, हे सगळ्यांना आठवत होतं.

"टेबलावरचे सगळे पैसे लोलाच्या डब्यात. कोणाचं काही हरलं असेल तर माझ्या घरी या, मी बघतो. झालं गेलं विसरा."

"आणि पोरगा?" तोतोयने विचारलं. हातोडा अजून त्याच्या हातात होता. त्याचा आवाज रडकुंडीला आला होता. "पोराचं काय? त्याची तर मोडा! माझी मोडली होती!"

दंड धरणाऱ्या दोघांनी कापितानकडे बघितलं. कापितानचे ओठ हलले. त्याला पोराची बोटं हवी होती, मनापासून हवी होती. पण एकाच गुन्ह्याचे दोन चोर, एकाला शिक्षा झाली की दुसऱ्याकडे नजर वळणार.

"सोडा त्याला," तो म्हणाला. "नियम दोघांना सारखा."

तोतोय हातोडा घेऊन तसाच उभा राहिला. त्याला कोणी बस म्हटलं नाही.

सेवेरिना जोवेनला घेऊन बाहेर पडली. लोला पुरिंग दारापर्यंत आली नाही. मयताच्या घरचे निरोप द्यायला येत नसतात. पण तशी रीत नसती, तरीही ती आली नसती.

७

मयतावरून सरळ घरी जायचं नसतं, नाहीतर मेलेला मागोमाग येतो. वाटेत कुठेतरी बसायचं. दोघं नाक्यावरच्या टपरीवर बसले आणि सेवेरिनाने दोन हालो-हालो मागवले. किसलेला बर्फ, जांभळा कंद, वर दूध.

जोवेन खात सुटला. भीती उतरली की माणसाला अशी भूक लागते. चमचा धरलेल्या बोटांकडे तो सारखा बघत होता आणि हसत होता.

"तिता, तू म्हणजे ना! मला वाटलं, तू मला मारलंस. खिसा उघडलास तेव्हा मी जवळजवळ मुतलोच. पण तू मुद्दाम उघडलास, हो ना? मी एकटा चोर ठरलो असतो तर गेलो होतो. एकटा कापितान चोर ठरला असता तर त्याने मला नंतर गाठलं असतं. दोघं ठरलो म्हणून त्याला स्वतःबरोबर मलाही सोडावं लागलं. बरोबर?"

"बरोबर."

"बाप रे! असा डाव मी जन्मात..."

"का केलंस?"

तो थांबला. खांदे उडवले. "पैशासाठी नाही गं. बघायचं होतं. तू शिकवलेलं खऱ्या टेबलावर जमतं का ते. आणि जमलं, तिता! कोणाला दिसलं नाही. त्याच्याकडे तोच एक्का नसता तर आयुष्यभर कोणाला कळलं नसतं!"

त्याचे डोळे चमकत होते. सेवेरिनाने ते डोळे नीट बघून घेतले. कॅसिनोत तिने असे पुष्कळ बघितले होते, आणि तसल्या डोळ्यांचा एकही माणूस कधी थांबला नव्हता.

तिने फोन काढला आणि जहाजावर माणसं नेमणाऱ्या बाईंना लावला.

"मिस आल्मा? सेवेरिना बोलतेय. हो, मजेत. त्या पोराबद्दल, जोवेन. मी शब्द दिला होता ना त्याच्यासाठी? तो मागे घेते. नाही, आजारी नाही. पान बदलतो तो. हो, माझाच भाचा. तुमच्या टेबलावर नको, आणि दुसऱ्या जहाजवाल्यांनाही कळवा. मी सांगितलं म्हणून सांगा."

जोवेनचा चमचा हवेतच राहिला. वितळलेलं जांभळं दूध त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, तरी त्याला कळलं नाही.

"तिता, चेष्टा करतेस ना? तिता? तूच मला... तूच म्हणालीस, या आळीतून निघ, नाहीतर इथेच कुजशील. मी काय करू इथे? कापितान आहे इथे! तिता, मी पुन्हा नाही करणार. आईची शपथ."

सेवेरिनाने टपरीवालीला पैसे दिले. सुटे परत घेतले, मोजून.

"त्यापेक्षा बोटं मोडू द्यायची होतीस," तो म्हणाला आणि रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा, तोंड उघडं टाकून.

"बोटं कदाचित सांधली असती," सेवेरिना म्हणाली. "मग तू जहाजावर गेला असतास."